थ्रीडीमार्क ०३ चं प्रकरण: कॅमेरा रुळावरून उतरला तेव्हा

ग्राफिक्स कार्ड असो वा प्रोसेसर, तुलना करताना शेवटी एक आकडा हाती येतो आणि खरेदी त्यावर ठरते. तो आकडा कोणत्या कामाचा आहे, आणि दोन्ही कार्डांनी तेच काम खरोखर केलं का, हे फार थोडे लोक तपासतात. मे २००३ मध्ये हा प्रश्न अचानक चव्हाट्यावर आला. त्या प्रकरणाचा हा अभ्यास. कंपन्यांची आणि चाचणीची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती दिली आहेत. ज्या परीक्षकांनी, अभियंत्यांनी आणि प्रवक्त्यांनी त्यात भाग घेतला त्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण इथं तपासायचे आहेत ते त्यांचे निर्णय.

पार्श्वभूमी

फ्यूचरमार्क ही फिनलंडची कंपनी. आधी तिचं नाव मॅडअनियन होतं. गेम खेळण्यासाठी कार्ड किती दमाचं आहे हे मोजणारी तिची थ्रीडीमार्क ही चाचणी त्या काळी जवळजवळ सगळेच वापरत. ११ फेब्रुवारी २००३ रोजी तिची नवी आवृत्ती, थ्रीडीमार्क ०३, बाहेर आली. त्यात चार दृश्यं होती. विमानांच्या लढाईचं पहिलं दृश्य डायरेक्टएक्स ७ च्या पद्धतीचं (डायरेक्टएक्स म्हणजे गेमनं कार्डाशी कसं बोलायचं हे ठरवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली), पुढची दोन डायरेक्टएक्स ८ ची आणि ‘मदर नेचर’ नावाचं चौथं तेव्हा अगदी ताज्या असलेल्या डायरेक्टएक्स ९ चं. या चौथ्या दृश्यात गवत, हलणारी पानं, पाणी आणि वर आकाश. पुढची सगळी कहाणी मुख्यतः या आकाशाची आणि पाण्याची आहे.

गुण काढायची रीत उघड होती. प्रत्येक दृश्यात सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, निघाल्या ते मोजायचं, त्यांना अनुक्रमे ७.३, ३७, ४७.१ आणि ३८.७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. पहिल्या दृश्यात फ्रेम भराभर निघत, म्हणून त्याचा गुणक लहान. चौथ्यात सेकंदाला दहा फ्रेम जास्त काढल्या की थेट ३८७ गुण वाढत. प्रोसेसरची चाचणीही होती, पण तिचा निकाल वेगळा दाखवला जाई, एकूण गुणांत मिसळला जात नसे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. कार्ड मोजायचं असेल तर आकड्यात कार्डच असावं.

एटीआय आणि एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. बाजारात त्या वेळी पारडं फिरलेलं होतं. ऑगस्ट २००२ मध्ये एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो आलं आणि डायरेक्टएक्स ९ ची शर्यत एटीआयनं आधीच मारली. एनव्हिडियाचं उत्तर, जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा, उशिरा आलं आणि त्याच्या पंख्याचा आवाज हीच त्याची ओळख झाली. मार्च २००३ मध्ये रेडिऑन ९८०० प्रो आलं. मग १२ मे २००३ रोजी एनव्हिडियानं एफएक्स ५९०० अल्ट्रा जाहीर केलं, किंमत ४९९ डॉलर. गेलेली आघाडी या कार्डानं परत मिळवायची होती. अशा वेळी थ्रीडीमार्कमध्ये पाचशे-हजार गुणांचा फरक म्हणजे विक्रीचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. चाचणी घडत असताना तिच्याशी जोडलं जाण्यासाठी फ्यूचरमार्कची एक सशुल्क सदस्य योजना होती. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या तिच्या सदस्य होत्या आणि परीक्षण करणारी काही संकेतस्थळंही. एनव्हिडिया डिसेंबर २००२ मध्ये, म्हणजे चाचणी बाहेर येण्याच्या तोंडावर, या योजनेतून बाहेर पडली. चाचणी आली तेव्हा तिनं जाहीर टीका केली: ही दृश्यं खऱ्या गेमसारखी लिहिलेलीच नाहीत, त्यातली शेडरची निवड प्रत्यक्ष गेम लिहिणारे करत नाहीत. (पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग किंवा प्रत्येक बिंदूची जागा काढणारी छोटी गणितं म्हणजे शेडर.) या टीकेत तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण टीका करणं वेगळं आणि पुढं जे झालं ते वेगळं.

अडचण

थ्रीडीमार्कची दृश्यं पाहताना कॅमेरा ठरलेल्या वाटेनं जातो. दर वेळी तीच वाट, तोच वेग, तीच वळणं. चाचणी पुन्हा पुन्हा सारखीच व्हावी म्हणून ते आवश्यकच असतं. पण त्यामुळं या वाटेवरून कोणत्या क्षणी काय दिसणार आणि काय कधीच दिसणार नाही, हे आधीपासून ठाऊक असतं.

सदस्यांना मिळणाऱ्या विकसक आवृत्तीत मात्र कॅमेरा हवा तिथं थांबवता येई आणि हवा तसा फिरवता येई. एक्स्ट्रीमटेक आणि बियॉन्डथ्रीडी या दोन संकेतस्थळांच्या परीक्षकांकडं ही आवृत्ती होती. एनव्हिडियाचं नवं कार्ड आणि त्याच्यासोबत आलेला ४४.०३ हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) लावून त्यांनी ‘मदर नेचर’ मध्येच थांबवलं आणि कॅमेरा नेहमीच्या वाटेवरून बाजूला काढला.

वाटेवर असताना चित्र निर्दोष होतं. वाट सोडताच आकाश तुटलं. एका सरळ रेषेपलीकडं ते काढलेलंच नव्हतं, आणि जिथं काढलं नव्हतं तिथं आधीच्या फ्रेमचे उरलेले ठसे एकावर एक साचून राडा झाला होता. रेडिऑनवर हेच केलं तर आकाश सगळीकडं जागच्या जागी.

याचा अर्थ समजायला थोडं आत शिरावं लागतं. नवी फ्रेम काढण्याआधी कार्डाला जुनी पुसायला सांगितलं जातं. पुसणं फुकट नसतं, स्मृतीतली ये-जा त्यात खर्ची पडते. जर ठाऊकच असेल की या क्षणी संपूर्ण पडदा नव्या चित्रानं झाकला जाणार आहे, तर पुसण्याची आज्ञा गुपचूप टाळता येते. तसंच, आकाशाचा कोणता भाग या वाटेवरून कधीच दिसणार नाही हे ठाऊक असेल, तर तिथं आधीच कात्री लावून तेवढं गणित वाचवता येतं. न दिसणारी गोष्ट न काढणं ही ग्राफिक्समधली जुनी आणि चांगली युक्ती आहे, पण ती करताना काय दिसत नाही हे कार्डानं त्या क्षणी स्वतः शोधायचं असतं. इथं ते शोधलेलं नव्हतं, कुणीतरी आधी पाहून ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलं होतं. पेपर फुटल्यावर मिळवलेले गुण जसे अभ्यासाबद्दल काही सांगत नाहीत, तसे हे गुण कार्डाबद्दल काही सांगत नव्हते. खऱ्या गेममध्ये खेळणारा मान कुठंही वळवतो, तिथं या माहितीचा काडीचा उपयोग नाही.

एनव्हिडियाचं पहिलं म्हणणं आलं की हा ड्रायव्हरमधला दोष आहे.

असं यापूर्वी घडलंच नव्हतं असं नाही, आणि आधीच्या खेपेला आरोपी दुसरी कंपनी होती. ऑक्टोबर २००१ मध्ये रेडिऑन ८५०० वर ‘क्वेक ३’ हा गेम तपासताना परीक्षकांनी गेमच्या फाइलचं नाव किंचित बदलून ‘क्वॅक ३’ केलं. वेग घसरला आणि पृष्ठभागांवरची चित्रं अधिक स्पष्ट दिसू लागली. म्हणजे एटीआयचा ड्रायव्हर नाव पाहून दर्जा उतरवत होता. त्यामुळं २००३ चं प्रकरण एका कंपनीच्या चारित्र्याचं म्हणून वाचणं चूक ठरेल. मोजणाऱ्याची पद्धत ठाऊक झाली की कुणीही तिच्यासाठी तयारी करतो.

समोरचे पर्याय

चेंडू आता फ्यूचरमार्कच्या कोर्टात होता.

एक पर्याय गप्प बसायचा. प्रकरण दोन संकेतस्थळांपुरतं होतं आणि नव्या ड्रायव्हरबरोबर ते विरूनही गेलं असतं. पण मग थ्रीडीमार्कच्या गुणांना किंमत उरली नसती, आणि कंपनीचा सगळा धंदा त्या किमतीवर उभा होता.

दुसरा पर्याय एनव्हिडियाशी आतून बोलून सुधारित ड्रायव्हर मागायचा. हा सभ्य मार्ग, पण त्यात वाचकाला काहीच कळत नाही, आणि आतापर्यंत छापून आलेले आकडे तसेच फिरत राहतात.

तिसरा पर्याय चाचणीच थोडी बदलायची: काम तेच ठेवायचं, फक्त ड्रायव्हर ज्या खुणांवरून तिला ओळखतो त्या खुणा पुसायच्या. मग जुन्या आणि नव्या बांधणीतल्या गुणांचा फरक हाच पुरावा ठरतो. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यांत सरस मार्ग होता, कारण त्यात कुणाच्या हेतूबद्दल बोलावंच लागत नाही. धोका होता तो कायद्याचा. एक छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीच्या कामावर बोट ठेवणार होती.

चौथा, आणि माझ्या मते ज्याचा पुरेसा विचार त्या वेळी झाला नाही असा पर्याय: आधी नियम लिहायचे आणि मग त्यांना धरून निवाडा द्यायचा. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे चाचणी बाहेर येताना स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नव्हतं. या उणिवेकडं पुढं पुन्हा येतो.

काय केलं

फ्यूचरमार्कनं तिसरा मार्ग धरला. २३ मे २००३ रोजी तिनं बिल्ड ३३० ही नवी बांधणी आणि तपासणीचा अहवाल एकत्रच जाहीर केला. अहवालात एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधल्या ओळखीच्या आठ जागा मोजून दाखवल्या होत्या.

सुरुवात अगदी चाचणी उघडतानाच होत होती: दृश्य लोड होत असल्याचा पडदा ड्रायव्हर ओळखत असे आणि तिथून पुढं पुसण्याची आज्ञा दुर्लक्षित करत असे. दुसऱ्या दृश्यातला एक शेडर ओळखून, ती आज्ञा कधी पाळायची आणि कधी नाही, हे ड्रायव्हरमध्ये भरून ठेवलेल्या सूचनांवरून ठरवलं जाई. चौथ्या दृश्यात आकाशाचा शेडर ओळखला की दोन कायमच्या कात्र्या लागत. परीक्षकांना तुटकं आकाश दिसलं ते यामुळं. आणि पाण्याचा शेडर ओळखला की त्याच्या जागी भलतंच काही चाले, काही यंत्रांवर सुरुवातीच्या फ्रेमचा वेग दुपटीहून जास्त होई, आणि निघणारं चित्र मायक्रोसॉफ्टच्या संदर्भ चित्राशी जुळत नसे. उरलेल्या ओळखी पहिल्या दृश्यातल्या दोन शेडरच्या, चौथ्यातल्या आणखी एका शेडरच्या आणि वेगळ्या क्षमता चाचण्यांतल्या शेडरच्या होत्या.

संदर्भ चित्र म्हणजे काय, तर डायरेक्टएक्सबरोबर मायक्रोसॉफ्ट एक सॉफ्टवेअर देत असे, जे कार्ड न वापरता प्रोसेसरवर, अतिशय सावकाश पण नियमाबरहुकूम तेच चित्र काढून दाखवतं. कोणतं कार्ड बरोबर हे ठरवताना वाद नको म्हणून हा तटस्थ साक्षीदार. या तपासणीतलं माझ्या लेखी सर्वांत मोलाचं पाऊल हेच होतं. वेग मोजणारे शेकडो होते, पण चित्र बरोबर निघालं का हे बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता आकडे. एफएक्स ५९०० अल्ट्रा आणि ४४.०३ ड्रायव्हर, जुन्या बांधणीत ५८०६ गुण. नव्या बांधणीत, जिथं ड्रायव्हरला दृश्यं ओळखता येत नव्हती, ४६७९. अहवालानं याला २४.१ टक्क्यांची घट म्हटलं आणि जगभर तोच आकडा छापला गेला.

इथं कागद-पेन्सिल घेऊन बसावं. फरक ११२७ गुणांचा. ११२७ ला ५८०६ ने भागलं तर १९.४ टक्के येतात. ४६७९ ने भागलं तर २४.१. म्हणजे गुण १९.४ टक्क्यांनी घटले, किंवा आधी ते २४.१ टक्क्यांनी फुगवलेले होते. दोन्ही विधानं खरी आहेत, पण ‘२४.१ टक्के घट’ हे विधान खरं नाही. दुसऱ्याचं माप खोटं ठरवणाऱ्या कागदावरच पाया चुकलेली टक्केवारी असावी, याचं मला वाईट वाटतं, कारण मूळ आरोप त्या चुकीशिवायही तितकाच भक्कम होता. टक्केवारी लिहिताना कशाचे टक्के हे लिहायलाच हवं.

तपासणीत एटीआयही सुटली नाही. कॅटॅलिस्ट ३.४ ड्रायव्हरवर रेडिऑन ९८०० प्रोचे एकूण गुण १.९ टक्के घटले, आणि नुसतं चौथं दृश्य पाहिलं तर ८.२ टक्के. एटीआयनं लगेच मान्य केलं: पाण्याच्या आणि आकाशाच्या शेडरमधल्या सूचनांचा क्रम आम्ही आमच्या चिपला सोयीचा लावला होता, गणित तेच आहे, चित्र तेच आहे, तरीही लोकांना शंका येत असेल तर शक्य तितक्या लवकर ते काढून टाकतो.

एनव्हिडियाचं उत्तर आलं ते वेगळ्या सुरात. आम्ही सदस्य योजनेत नाही, तिला लाखो डॉलर लागतात, त्यामुळं एरवी गेम बनवणाऱ्यांबरोबर बसून आम्ही शेडर सुधारतो तसं इथं करता आलं नाही, आणि आमची कार्डं वाईट दिसावीत अशीच ही चाचणी रचलेली दिसते, असा त्याचा आशय होता.

समान काम म्हणजे नक्की काय

एनव्हिडियाच्या बाजूनं बोलण्यासारखं जे आहे ते पूर्ण बोलायला हवं. कात्र्यांचं समर्थन होत नाही. शेडरच्या प्रश्नाचं मात्र तसं नाही.

डायरेक्टएक्स ९ च्या पिक्सेल शेडरसाठी पूर्ण अचूकता म्हणजे किमान २४ बिट असं ठरलं होतं (बिट जास्त तितकं गणित बारीक). एटीआयची चिप हे गणित सरसकट २४ बिटांत करत असे. एनव्हिडियाच्या एफएक्स चिपमध्ये १६ किंवा ३२ असे पर्याय होते, २४ चा नव्हता. २४ मागितले तर तिला ३२ द्यावे लागत, म्हणजे मागणीपेक्षा जास्त काम, आणि ३२ बिटांत तिचा वेग दणकून पडे. १६ वर उतरलं तर वेग येई, पण प्रमाणापेक्षा अचूकता कमी.

मग समान काम कोणतं? दोघांना एकच शेडर देणं हे समान वाटतं, पण त्यात एक २४ बिटांत मोजतो आणि दुसरा ३२ मध्ये. दोघांना आपापल्या सोयीचा शेडर देणं हेही समान वाटू शकतं, चित्र डोळ्याला सारखं दिसत असेल तर. त्याच काळात तयार होत असलेल्या ‘डूम ३’ मध्ये एफएक्ससाठी वेगळा मार्ग लिहिलेला होता. सप्टेंबर २००३ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं जाहीर सांगितलं की एफएक्ससाठीचा मिश्र अचूकतेचा मार्ग सुधारायला सर्वसाधारण डायरेक्टएक्स ९ मार्गाच्या पाचपट वेळ लागला. (व्हॉल्व्हचा तेव्हा एटीआयशी व्यापारी करार होता आणि रेडिऑनबरोबर गेमची कुपनं दिली जात होती, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण सर्वसाधारण मार्गावर एफएक्स मागं पडते हे इतरांच्या मोजणीतही दिसत होतं.)

मला यातून जे दिसतं ते असं. दोन्ही मोजण्या योग्य आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एकच शेडर दिला तर कळतं की खास मेहनत न घेतलेला गेम या कार्डावर कसा चालेल. सोयीचा शेडर दिला तर कळतं की कंपनीनं आणि गेमवाल्यांनी मिळून मेहनत घेतली तर तो कसा चालेल. थ्रीडीमार्क ०३ पहिल्या प्रश्नाची चाचणी होती. ड्रायव्हरनं गुपचूप तिला दुसऱ्या प्रश्नाची चाचणी केलं आणि आकडा मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून छापला गेला. अन्याय झाला तो इथं, ४९९ डॉलर मोजणाऱ्या माणसावर.

निकाल

२ जून २००३ रोजी दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं. फ्यूचरमार्कनं म्हटलं की आता आम्हाला परिस्थिती अधिक नीट समजली आहे, आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची रचना ही विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी केलेली सुधारणा आहे, फसवणूक नाही.

अहवालाला दहा दिवस झाले होते. त्यातली एकही मोजणी मागं घेतलेली नव्हती. बिल्ड ३३० तसंच उपलब्ध होतं आणि ४६७९ हा आकडाही तसाच होता. बदलला तो फक्त त्याला दिलेला शब्द. आतल्या वाटाघाटींबद्दल मी तर्क करत बसणार नाही. परिणाम मात्र उघड होता: वाचकाला आठ पुरावे दाखवून झाल्यावर सांगितलं गेलं की हे चालतं. आणि हे चालतं असं म्हटलं की ज्या एटीआयनं आपला बदल कबूल करून तो काढून टाकायचं ठरवलं, तिनं नसता तोटा ओढवून घेतला असा अर्थ निघतो. प्रामाणिकपणा महाग पडेल अशी व्यवस्था त्या एका परिच्छेदानं तयार केली.

मग व्हायचं तेच झालं. नव्या ड्रायव्हरमध्ये नव्या ओळखी आल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये फ्यूचरमार्कला बिल्ड ३४० काढावं लागलं आणि एफएक्स कार्डांचे गुण पुन्हा घसरले. या खेपेला मात्र तिच्याकडं लिहिलेले नियम होते: थ्रीडीमार्कला थेट किंवा आडवळणानं ओळखायचं नाही, सुधारणा अशी हवी की इतर सॉफ्टवेअरलाही तिचा फायदा होईल, आणि चित्र संदर्भ चित्राशी गणितानं जुळलं पाहिजे. शिवाय मान्यताप्राप्त ड्रायव्हरची यादी आली. यादीबाहेरच्या ड्रायव्हरचे गुण तुलनेला धरायचे नाहीत असं ठरलं.

काय वेगळं करता आलं असतं

नियम आधी हवे होते. नंतर लिहिलेली ही तीन वाक्यं फेब्रुवारीत लिहिली असती तर मे महिन्यात ‘फसवणूक’ हा शब्द वापरायची गरजच पडली नसती. नियम मोडला, गुण बाद, एवढं पुरलं असतं. हेतूवर बोललं की वकील येतात. नियमावर बोललं तर फक्त मोजणी दाखवावी लागते. यात नवं काही नव्हतं. प्रोसेसरच्या चाचण्या घेणारी अमेरिकेतली स्पेक ही संस्था १९८८ पासून आहे, आणि कंपायलरमधली (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) सुधारणा चाचणीतल्या प्रोग्रॅमपुरती नसून त्याहून मोठ्या वर्गाला उपयोगी हवी, हे तत्त्व तिच्या नियमांत आहे. ग्राफिक्सवाल्यांनी शेजारी डोकावायला हवं होतं.

मोकळा कॅमेरा सगळ्यांच्या हाती द्यायला हवा होता. जो दोष उघड झाला तो पैसे भरलेल्या सदस्यांकडं विकसक आवृत्ती होती म्हणून. घरी बसून चाचणी चालवणाऱ्याला वाट सोडताच येत नव्हती. प्रत्येक खेपेला कॅमेऱ्याची वाट थोडी बदलली असती, आणि सरासरी घेतली असती, तर गुणांत किंचित चढउतार आला असता, पण कात्र्या पहिल्याच दिवशी उघड्या पडल्या असत्या. एकसारखेपणा आणि फसवता न येणं यांत इथं ओढाताण आहे. मी दुसऱ्याला झुकतं माप देईन.

पैशाचा प्रश्न मात्र मला सोपा वाटत नाही. ज्यांना मोजायचं त्यांच्याकडूनच शुल्क घेतलं तर संशय येतो. नाही घेतलं तर चाचणी लिहिणाऱ्यांचे पगार कुठून निघणार? एनव्हिडियाची तक्रार या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होती. निदान कोण किती देतं आणि त्याबदल्यात त्याला काय आधी पाहायला मिळतं, हे जाहीर असायला हवं होतं.

आणि २ जूनचं निवेदन. तडजोड करायचीच होती तर ‘आम्ही हेतूबद्दल बोलत नाही, बिल्ड ३३० चे गुणच ग्राह्य’ असं एक वाक्य पुरेसं होतं.

प्रोसेसरच्या बाजूला

हाच पेच प्रोसेसरच्या मोजणीत वेगळ्या रूपात येतो. थ्रीडीमार्क व्हँटेज या पुढच्या आवृत्तीत प्रोसेसरच्या एका चाचणीत वस्तूंच्या हालचालींचं गणित होतं. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरनं ते गणित ग्राफिक्स कार्डावर वळवलं आणि प्रोसेसरचे गुण एकदम उसळले. गणित खरं होतं, चित्र बरोबर होतं, फक्त ते प्रोसेसरनं केलेलं नव्हतं. या वेळी नियम लिहिलेले होते, म्हणून फ्यूचरमार्कला शब्दांची कसरत करावी लागली नाही: असे गुण तुलनेला धरले जाणार नाहीत, विषय संपला.

घरी किंवा कार्यालयात प्रोसेसर मोजताना ड्रायव्हरपेक्षा मदरबोर्डच जास्त फसवतो. अनेक मदरबोर्ड वीज वापराची मर्यादा कारखान्यातूनच उठवून देतात. मग दोन प्रोसेसरची तुलना करताना आपण नकळत दोन बोर्डांच्या सेटिंगची तुलना करत असतो. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरच्या अस्थिरतेचा प्रश्न पेटला तेव्हा इंटेललाच सांगावं लागलं की बोर्डांनी इंटेलची मूळ सेटिंग वापरावीत. त्याआधी मोकळ्या मर्यादेवर घेतलेले आकडे कुणी तपासून पाहतं का? बोर्डाचं नाव, बायॉसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, विजेची मर्यादा आणि रॅमचा वेग हे चार तपशील ज्या परीक्षणात नाहीत, तिथला आकडा मी वाचतो पण खरेदीसाठी वापरत नाही. गेममध्ये प्रोसेसर मोजायचा असेल तर रेझोल्यूशन उतरवावं लागतं, नाहीतर ग्राफिक्स कार्डच अडथळा ठरतं आणि सगळे प्रोसेसर सारखेच दिसतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकनं याच प्रकारचा निर्णय घेतला. स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीसंचात झॅलानसीबीएमके नावाचा एक प्रोग्रॅम आहे, एक्सएमएल दस्तऐवजांवर काम करणारा. इंटेलचा कंपायलर या प्रोग्रॅमच्या संहितेची आणि त्याला दिल्या जाणाऱ्या माहितीची आधीच ठाऊक असलेली रचना वापरून त्याला वेगवान करत होता, आणि या युक्तीचा उपयोग त्याबाहेर फारसा होत नव्हता. स्पेकनं २६०० हून अधिक प्रकाशित निकाल नियमबाह्य ठरवले. त्यांत कितीतरी सर्व्हर कंपन्यांचे निकाल होते, ज्यांनी फक्त तो कंपायलर वापरला होता. निकाल पुसून टाकले नाहीत, त्या पानांवर कारणासह शेरा लावला.